ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी निधी कसा उभारावा: मुंबईतील नव्या संस्थांसाठी मार्गदर्शक

मुंबईत नोकरी-व्यवसाय करणारी आणि बीड, जालना, धाराशिव किंवा अहिल्यानगरकडच्या गावांशी नाते टिकवून असलेली अनेक मंडळी अलीकडे ट्रस्ट स्थापन करून गावाकडच्या मुलांसाठी काही करू पाहत आहेत. शेतीतील बालमजुरी कमी व्हावी असे त्यांना मनापासून वाटते. मात्र त्यासाठी लागणारा पैसा कोणाकडे, कोणत्या कागदपत्रांनिशी आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात मागायचा, हे नीट सांगणारे सहसा कोणी भेटत नाही. अशा कामासाठी प्रस्ताव लिहिणे, कंपन्यांच्या बैठकांना जाणे आणि नंतर खर्चाचे हिशेब सादर करणे हे काम मी काही वर्षे करत आले आहे, आणि त्यातून जे समजले ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी येथे क्रमाने मांडत आहे. उदाहरण ऊसतोडीचे घेतले आहे. कापूस वेचणीच्या भागात काम करायचे असेल तर महिने बदलतील, कागदपत्रे तीच राहतील.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढच्या बहुतेक सूचना तिच्यावरच उभ्या आहेत. या कामात कमी पैशापेक्षा उशिरा आलेल्या पैशाने जास्त नुकसान होते. कंपनीचे वर्ष एप्रिल ते मार्च असते, तर ऊसतोड कुटुंबाचे वर्ष दसऱ्याच्या सुमारास सुरू होते. जानेवारीत मंजूर झालेला निधी गावात पोहोचतो तेव्हा गावात मुलेच नसतात.

१. पैसा नेमका कशासाठी हवा आहे, हे आधी ठरवा

दसरा-दिवाळीच्या दरम्यान ऊसतोड कामगारांच्या टोळ्या गाव सोडतात आणि गाळप संपल्यावर, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलमध्ये, परततात. त्यापूर्वीच कुटुंबाने मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या मध्यस्थाकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती हंगामात काम करून फेडायची असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मजुरी टनावर मिळते. टनावर मजुरी असली की हिशेबात वजन येते, हात किती लागले ते येत नाही. त्यामुळे मूल कामाला लागले तरी त्याचे नाव कुठल्याही हजेरीपटावर दिसत नाही. ते वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करते, मोळ्या बांधायला मदत करते, बैलांकडे पाहते, पाणी आणते, आणि सर्वांत जास्त वेळा कोपीवर (तात्पुरत्या झोपडीवर) थांबून धाकट्या भावंडाला सांभाळते. हे शेवटचे काम मोठी बहीण करते, आणि प्रस्तावांमध्ये नेमके तेच सुटते.

खर्चाचे तीन मार्ग दिसतात. पहिला म्हणजे मूल गावातच राहील अशी सोय करणे: हंगामी वसतिगृह किंवा आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांना जेवण व संध्याकाळच्या अभ्यासाची मदत. दुसरा म्हणजे कारखान्याच्या तळावर (मजुरांच्या हंगामी वस्तीवर) पाळणाघर चालवणे आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेश मिळवून देणे. तिसरा म्हणजे परतलेल्या मुलांचा बुडालेला अभ्यास भरून काढणे. नव्या संस्थेने पहिला मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तळावरचे काम गरजेचे आहेच, पण तेथे टोळ्या हलत राहतात, पालक पहाटे फडावर (ऊसतोडीच्या शेतात) जातात आणि कारखान्याची परवानगी लागते. अनुभव नसलेल्या संस्थेचा पहिला हंगाम त्यातच निघून जातो.

मुलींचा विचार वेगळा करा. मुलगी मोठी होऊ लागली की तिला मागे ठेवण्यास आई तयार नसते. सुरक्षिततेची धास्ती असते आणि त्याच धास्तीपोटी लग्नही लवकर उरकले जाते. म्हणून मुलींसाठी निवासी अधीक्षिका, कडी लागणारे स्नानगृह आणि रात्रीचा उजेड या बाबी अंदाजपत्रकात पहिल्या पानावर असाव्यात. या नसतील तर वसतिगृहात केवळ मुलगेच येतील.

२. कायद्याची भाषा जपून वापरा

१९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांना सर्व कामांवर ठेवण्यास बंदी आहे आणि १४ ते १८ वयोगटातील किशोरांना धोकादायक कामांवर ठेवता येत नाही. मुलाने शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत कुटुंबाच्या, धोकादायक नसलेल्या उद्योगात मदत करणे हा एक अपवाद ठेवलेला आहे. मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

याचा निधीशी संबंध असा की, प्रस्तावात 'या गावातील इतके बालकामगार' असे लिहिले की तो एका अर्थाने गुन्ह्याचा आरोप ठरतो, आणि त्यात आई-वडीलही ओढले जाण्याची भीती गावात पसरते. 'हंगामी स्थलांतरामुळे शाळा सुटण्याचा आणि कामाला जुंपले जाण्याचा धोका असलेली मुले' असे लिहावे. वाक्य लांब होते, पण गाव तुमच्यासोबत राहते. प्रत्यक्ष मजुरी किंवा छळ आढळला तर मात्र शब्द जपत बसू नये. १०९८ या क्रमांकावर कळवावे. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली होती.

छायाचित्रांबाबतही काळजी घ्या. बेकायदा कामावर आढळलेले मूल बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल ठरते, आणि अशा मुलाची ओळख उघड करण्यास कलम ७४ मध्ये मनाई आहे. कोयता हातात घेतलेल्या मुलाचा चेहरा प्रस्तावाच्या मुखपृष्ठावर छापू नका. देणगीदाराने मागितला तरी देऊ नका.

३. गावाची यादी तयार करा

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात सुमारे १३.८ कोटी मुले बालमजुरीत होती आणि त्यांपैकी ६१ टक्के शेतीत होती. हा आकडा पहिल्या परिच्छेदात एकदा यावा आणि तेथेच संपावा. निधी मिळतो तो तीन-चार गावांच्या नावनिशीवार यादीवर.

यादी जून-जुलैमध्ये करा, कारण तेव्हा कुटुंबे घरी असतात. शाळेचा हजेरीपट, अंगणवाडीची नोंदवही आणि ग्रामसेवकाकडील ऊसतोड कुटुंबांची माहिती एकमेकांशी ताडून पाहा. प्रत्येक मुलासमोर वय, इयत्ता, मागील हंगामात कुठे होते, किती महिने शाळेत नव्हते, घरी मागे कोण राहते आणि धाकटे भावंड आहे का, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. पालकांनी उचल किती घेतली हे विचारण्याचा मोह टाळा. मुकादमाच्या कानावर गेले की पुढच्या भेटीत दारे बंद होतात. ही यादी संस्थेकडेच ठेवावी आणि देणगीदाराला केवळ गाववार बेरजा द्याव्यात.

याच भेटींत शासनाची कोणती सोय आधीपासून आहे ते पाहून घ्या. हंगामी वसतिगृहाची शासकीय व्यवस्था शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून उसाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये घेण्याचे ठरलेले आहे, आणि संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांसाठी ८२ वसतिगृहांची तरतूद आहे. तुमच्या तालुक्यात यांपैकी काय प्रत्यक्ष चालू आहे आणि कोणत्या इयत्तांची मुले त्यात सामावत नाहीत, हे लिहिले की तुमच्या मागणीला आधार मिळतो. शासन जे करते आहे तेच तुम्ही पुन्हा करणार असाल, तर समोरचा अधिकारी पहिल्याच बैठकीत ते विचारतो.

४. कागदपत्रांची फाइल

ही कागदपत्रे एकाच ठिकाणी, छापील आणि स्कॅन केलेल्या स्वरूपात तयार ठेवा:

- ट्रस्ट डीड किंवा घटना व नियमावली, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालील नोंदणी प्रमाणपत्र
- विश्वस्तांची सध्याची यादी दाखवणारा परिशिष्ट १ चा उतारा
- संस्थेचे पॅन, विश्वस्तांचे पॅन व आधार
- आयकर कायद्याखालील १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी
- नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणी पोर्टलवरील ओळख क्रमांक
- कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील सीएसआर-१ नोंदणी क्रमांक (सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च)
- मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, आयकर विवरणपत्रे आणि वार्षिक अहवाल
- बालसंरक्षण धोरण, आणि १० किंवा अधिक कर्मचारी असल्यास अंतर्गत तक्रार समितीचा ठराव
- शाळा व्यवस्थापन समितीचे किंवा ग्रामपंचायतीचे संमतिपत्र

सर्वाधिक अडचण परिशिष्ट १ च्या उताऱ्याशी येते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. अनेक संस्थांचा तो वर्षानुवर्षे प्रलंबित असतो आणि कंपनीच्या छाननीत जुने नाव समोर येते. वरळीच्या धर्मादाय कार्यालयात आपल्या अर्जाची स्थिती काय आहे, याची चौकशी निधी मागण्यापूर्वीच करा. आयकराच्या बाबतीत, १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. लोक अजूनही १२ए आणि ८०जी असेच म्हणत असले तरी अर्जात नवा क्रमांक आपल्या सनदी लेखापालाकडून तपासून लिहावा.

वसतिगृह शाळेत न चालवता स्वतःच्या जागेत चालवण्याचा विचार असेल, तर बाल न्याय अधिनियमाखाली नोंदणी लागेल का, हे जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि त्यांचे उत्तर फाइलला लावा.

५. कोणाकडे मागावे

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असतो, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. अशा असंख्य कंपन्यांची मुख्यालये नरिमन पॉइंट, लोअर परळ आणि वांद्रे-कुर्ला संकुलात आहेत, त्यामुळे मुंबईतील संस्थेला येथे भेटीगाठींची सोय होते. मात्र बाहेरच्या संस्थेला हा निधी मिळण्यासाठी तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. ट्रस्ट कालच नोंदवला असेल तर पहिली तीन वर्षे कंपन्यांच्या दारात घालवू नका. अनुभवी संस्थेसोबत काम करा आणि लोकवर्गणीवर उभे राहा.

प्रस्ताव कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ७ मधील कोणत्या बाबीत बसतो हे स्पष्ट लिहावे लागते. हंगामी वसतिगृह 'शिक्षणास प्रोत्साहन' या बाबीत सहज बसते. स्थानिक क्षेत्राला प्राधान्य देण्याची तरतूदही कायद्यात आहे, म्हणून ज्या कंपनीचा कारखाना किंवा गोदाम मराठवाड्यात आहे तिच्याकडे आधी जावे.

येथे एक बारीक पेच आहे. साखर विकत घेणाऱ्या बिस्किट, शीतपेय किंवा मिठाईच्या कंपनीकडे गेलात, तर तिच्या स्वतःच्या पुरवठा साखळीतील दोष दूर करण्याचा खर्च तिच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग मानला जाऊ शकतो, आणि व्यवसायाच्या ओघात केलेले काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. अशा कंपनीत सीएसआर विभागाबरोबर खरेदी किंवा शाश्वतता विभागालाही भेटा. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने आघाडीच्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून जबाबदार व्यवसायाचा अहवाल सक्तीचा केला आहे, त्यात बालमजुरीच्या तक्रारींचाही रकाना आहे. ज्याला तो रकाना भरावा लागतो, तो माणूस तुमचे म्हणणे अधिक लक्ष देऊन ऐकतो.

परदेशी निधीची वाट लांब आहे. विदेशी अभिदाय (विनियमन) कायद्याखाली नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. पैसा भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, २०२० च्या दुरुस्तीनंतर हा निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. मुंबईच्या संस्थेने परदेशातून पैसा घ्यायचा आणि बीडच्या भागीदार संस्थेला पाठवायचा, ही जुनी पद्धत आता चालत नाही. शिवाय बालमजुरीविरोधी कामाला अनुदान देणाऱ्या अमेरिकी श्रम विभागाने मार्च २०२५ मध्ये आपली परदेशातील अनुदाने बंद केली, त्यामुळे उरलेल्या देणगीदारांकडे गर्दी वाढली आहे.

लोकवर्गणीला कमी लेखू नका. मुंबईतील ग्रामस्थ मंडळे, गृहनिर्माण संस्था, बँकांच्या कर्मचारी संघटना आणि जानेवारीतील टाटा मुंबई मॅरेथॉनची निधी संकलन मोहीम यांतून आलेला पैसा अटींच्या ओझ्याविना येतो, आणि दिवाळीच्या तोंडावर वसतिगृह उघडताना तोच हाताशी असतो. २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर देणगीदाराला करसवलत मिळत नाही, हे पावती देण्यापूर्वीच सांगा, आणि देणग्यांचे वार्षिक विवरण मुदतीत भरा. त्याशिवाय देणगीदाराला प्रमाणपत्र मिळत नाही.

६. अंदाजपत्रक दिवसांवर मांडा

४० मुलांचे वसतिगृह १८० दिवस चालले तर ७,२०० बालदिवस होतात. पुढील दर केवळ मांडणी समजावी म्हणून घेतले आहेत. तुमच्या तालुक्यातील दर तुम्ही भरा. जेवण-नाश्ता दिवसाला ७० रुपये धरल्यास ५,०४,००० रुपये. दोन स्वयंपाकी महिलांचे प्रत्येकी ९,००० प्रमाणे सहा महिन्यांचे मानधन १,०८,००० रुपये. अधीक्षिकेचे १५,००० प्रमाणे सात महिन्यांचे १,०५,००० रुपये. संध्याकाळच्या अभ्यासवर्गाच्या शिक्षकाचे ६०,००० रुपये. अंथरूण-पांघरूण, मच्छरदाण्या व दिवे ८०,००० रुपये. आरोग्य तपासणी व औषधे ३०,००० रुपये. प्रवास, हिशेब व लेखापरीक्षण ७०,००० रुपये. एकूण ९,५७,००० रुपये, म्हणजे प्रत्येक बालदिवसाला सुमारे १३३ रुपये. अधीक्षिकेचा सातवा महिना हंगामापूर्वीचा आहे, कारण पालकांची समजूत घालण्याचे खरे काम त्याच महिन्यात होते.

शाळेच्या दिवशी दुपारचे जेवण शालेय पोषण आहारातून मिळते. ते वजा करूनच दर काढावा. शासकीय अनुदान मिळणार असेल तर तेही दाखवावे. एकाच जेवणाचा खर्च दोन ठिकाणी दाखवला गेला की पुढे कितीही खुलासे केले तरी विश्वास परत येत नाही.

'प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालणार नाही' असे काही कंपन्यांचे कनिष्ठ अधिकारी सांगतात. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभाग चालवण्याच्या खर्चाला आहे, तुमच्या अधीक्षिकेच्या किंवा हिशेबनिसाच्या पगाराला नाही. हे नम्रपणे, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकाचा हवाला देऊन सांगावे. कंपनीचे स्वतःचे धोरणच तसे असेल, तर मात्र वाद घालण्यात अर्थ नसतो.

७. महिन्यांचे गणित

जानेवारी-फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचा प्रस्ताव द्या, कारण याच काळात कंपन्या वार्षिक कृती आराखड्याची जुळवाजुळव करत असतात. एप्रिल ते जून छाननी आणि प्रत्यक्ष भेटी चालतात. जुलैअखेर करारावर सह्या आणि ऑगस्टमध्ये पहिला हप्ता, हे लक्ष्य ठेवा. सप्टेंबरमध्ये खरेदी, नेमणुका आणि पालकसभा होतात, आणि पहिली टोळी निघण्यापूर्वी वसतिगृहाचे दार उघडे असावे लागते. पालकांना चूल पेटलेली दिसली पाहिजे. केवळ आश्वासनावर कोणी मूल मागे ठेवत नाही, आणि त्यांनी का ठेवावे?

मार्चअखेर जवळ आला की कधी कधी उरलेला पैसा घाईने देऊ केला जातो. तो नाकारायची गरज नाही, पण त्या हंगामातील खर्च म्हणून दाखवण्याचा आग्रह मान्य करू नका. कंपनीने प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केला तर सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो आणि न खर्चलेली रक्कम कंपनीच्या स्वतंत्र खात्यात ठेवता येते. ऊसतोडीसारख्या दोन आर्थिक वर्षांत विभागलेल्या हंगामासाठी हीच तरतूद उपयोगी आहे, तेव्हा प्रस्तावातच तशी विनंती करा.

८. करार आणि अहवाल

करारात हप्ते समान न मागता पहिला हप्ता मोठा मागा, निदान निम्मा, कारण धान्य आणि अंथरूण-पांघरूण सुरुवातीलाच घ्यावे लागते. दुसरा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला) दिल्यानंतर किती दिवसांत मिळेल, हे लेखी असू द्या. प्रत्येक देणगीदारासाठी वेगळे खाते किंवा निदान वेगळी खातेवही ठेवा.

यशाचे माप ठरवताना 'इतकी मुले मुक्त केली' असे वचन देऊ नका. हंगामातील प्रत्येक महिन्याची हजेरी, वार्षिक परीक्षेला बसलेली मुले, जूनमध्ये पुढच्या इयत्तेत दाखल झालेली मुले आणि हंगामाच्या मध्यात पालकांनी फडावर नेलेली मुले, या चार गोष्टी मोजा. चौथा आकडा लपवू नका. धाकटे भावंड आजारी पडले, आई बाळंत झाली, आजी दगावली, अशा कारणांनी काही मुले जातातच. कारणासह दिलेला तो आकडा पुढच्या वर्षी पाळणाघरासाठी पैसा मागताना उपयोगी पडतो.

देणगीदाराच्या प्रतिनिधींना डिसेंबर-जानेवारीत गावात न्या, आणि येताना वाटेत कारखान्याचा तळही दाखवा. भेट दिवसभराची ठेवा, मुलांना नाच-गाणी करायला लावू नका, अधीक्षिकेला स्वतः बोलू द्या. त्याच भेटीत पुढच्या हंगामाची मागणी मांडा. आणि हप्ता लांबला तरी चूल बंद पडणार नाही एवढी, म्हणजे किमान दोन महिन्यांच्या किराण्याची आणि मानधनाची रक्कम लोकवर्गणीतून बाजूला काढून ठेवा. वसतिगृह हंगामाच्या मध्यात बंद पडले तर त्या गावातील पालक पुढच्या वर्षी मूल तुमच्याकडे सोपवणार नाहीत.